दोन संगणकांची सरळ जोडणी

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांसाठी पाठाची रूपरेषा)

प्रस्तावना : घरात नवा संगणक आला की जुन्यातील संग्रह नव्यात कसा न्यावा, हा प्रश्न उभा राहतो. लहानसहान मजकूर पेनड्राइव्हने नेता येतो. परंतु लग्नकार्याचे चित्रीकरण, वर्षानुवर्षांची छायाचित्रे, आजीच्या आवाजातील ओव्या असा मोठा ठेवा असेल, तर ते साधन तोकडे पडते. फॅट३२ पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर कितीही जागा असली, तरी ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही. इंटरनेटने पाठवावे, तर सर्व सामग्री आधी बाहेर चढवून पुन्हा उतरवावी लागते. दोन्ही संगणक एकाच मेजावर असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

हेतुकथन : एकाच केबलने दोन संगणक जोडून मोठ्या फाइली सुरक्षितपणे कशा न्याव्यात, हे आज पाहावयाचे आहे.

विषयनिरूपण : या कामी इथरनेट केबल वापरतात. इथरनेटची कल्पना अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली मांडली. आज प्रचलित असलेल्या केबलमध्ये आठ तारा असून त्यांच्या चार जोड्या पीळ घालून बसविलेल्या असतात. पिळामुळे बाहेरील विद्युत्-उपद्रव कमी होतो. अशी केबल १०० मीटरपर्यंत चालते. पूर्वी दोन संगणक सरळ जोडण्यास तारांची अदलाबदल केलेली वेगळी केबल लागे. कारण एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडावयास हवे, तोंडाला तोंड लावून भागत नाही. आता बहुतेक संगणक ही अदलाबदल आपली आपण करतात. मात्र साधी यूएसबी केबल दोन संगणकांत खोचू नये. दोन्हींकडून वीज येऊन बिघाड संभवतो.

पत्र पोहोचण्यास पत्ता लागतो, तसाच संगणकासही लागतो. एकास १९२.१६८.५०.१ व दुसऱ्यास १९२.१६८.५०.२ असा पत्ता द्यावा. दोन्हींचा सबनेट मास्क २५५.२५५.२५५.० असावा. हे पत्ते घरातील वाय-फायच्या पत्त्यांशी जुळणारे नसावेत, नाही तर गल्लत होते. नंतर जुन्या संगणकातील हवे तेवढेच फोल्डर सामायिक करावे आणि त्यास केवळ वाचण्याची मुभा द्यावी. जोडणी ‘खाजगी’ ठरवावी व संकेतशब्द कायम ठेवावा. काम अडले म्हणून संरक्षक फायरवॉल सरसकट बंद करणे म्हणजे कुलूप गंजले म्हणून दारच काढून टाकणे होय.

गणिताशी सांगड : केबलचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून सेकंदाला १०० मेगाबिट वेग म्हणजे १२.५ मेगाबाइट. ४० जीबी, म्हणजे ४०,००० मेगाबाइट, नेण्यास ३,२०० सेकंद, सुमारे ५३ मिनिटे लागतील. वेग दसपट, म्हणजे १ गिगाबिट असल्यास ३२० सेकंद पुरतील. प्रत्यक्षात याहून अधिक वेळ लागतो. कारण डिस्क मंद असेल, तर केबलचा वेग वाया जातो. बैलजोडीत जो बैल मंद, त्याच्याच चालीने गाडी जाते.

पडताळा : पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच. फाइल ‘हलवा’ अशी आज्ञा कधीही देऊ नये. ‘नक्कल करा’ अशीच द्यावी. मध्येच वीज गेली, तरी मूळ प्रत शाबूत राहते. काम संपल्यावर फाइलींची संख्या व एकूण आकार दोन्हीकडे ताडून पाहावा आणि काही फाइली उघडून शेवटपर्यंत चालवाव्यात. मोलाच्या फाइलींची शा-२५६ खूण दोन्ही संगणकांवर काढावी. ती अक्षरशः सारखी आली, तर नक्कल बिनचूक समजावी. हे सर्व होईपर्यंत जुना संगणक पुसू नये वा विकू नये. पुसल्यानंतरही एक प्रत अन्यत्र असावी. बाजारातून नवा संगणक आणता येतो. गेलेल्या माणसाचा आवाज कोणत्याही दुकानात मिळत नाही.

स्वाध्याय :
१. २५ जीबीची फाइल १०० मेगाबिट वेगाने नेण्यास किती वेळ लागेल? (उत्तर : ३३ मिनिटे २० सेकंद)
२. दोन्ही संगणकांस एकच पत्ता दिल्यास काय होईल?
३. ‘हलवा’ व ‘नक्कल करा’ यांतील भेद उदाहरणाने स्पष्ट करा.