लिनक्सवरील लॅपटॉपची झोप : हलकी व गाढ

झाकण मिटले म्हणजे लॅपटॉप बंद झाला, असा समज आपल्या शिक्षकबंधुभगिनींत पुष्कळदा आढळतो. तो यथार्थ नव्हे. लिनक्स प्रणालीत झाकण मिटताच यंत्र बहुधा 'सस्पेंड' होते. चालू काम रॅम या स्मृतीत राहते व तिला, अल्प का होईना, वीज लागतेच. शनिवारी पालम वा सोनपेठकडील शाळेत अर्धवट भरलेला गुणतक्ता असा मिटून ठेवला आणि सोमवारपूर्वी बॅटरी संपली, तर न साठविलेले गुण गेलेच समजावे. मुलांच्या वह्या पुन्हा तपासाव्या लागतात, हा त्रास निराळाच!

'हायबरनेट' ही गाढ निद्रा होय. तीत रॅममधील मजकूर डिस्कवरील 'स्वॅप' जागेत उतरवून यंत्र पूर्ण बंद होते. वीज नसली तरी काम टिकते. मात्र स्वॅप साधारणतः रॅमइतका असावा. टर्मिनलमध्ये 'फ्री' ही आज्ञा रोमन लिपीत दिल्यास दोन्ही आकडे दिसतात. उबुंटूत ही सोय बहुधा आरंभी चालू नसते. ती जाणकाराकडून चालू करून घ्यावी. नंतर एखाद्या किरकोळ फाइलीत दोन ओळी लिहून, न साठविता, यंत्र हायबरनेट करावे व पुन्हा सुरू करून त्या ओळी जागेवर आहेत काय, हे पाहावे. गुणतक्त्याची पाळी त्यानंतर.