वारीतले चेहरे

सायली,

सासवडला दिंडीत सामील होऊन लोणंदपर्यंत चालणार, हे वाचून बरं वाटलं. मोठा कॅमेरा भाड्याने घेऊ का, असं विचारतेस. घेऊ नकोस. मी दिलेला सोनीचा आरएक्स १०० बरोबर ने. मॉडेल २०१२ सालचं, पण चेहऱ्यांसाठी अजून चोख आहे. बॅटरीसकट वजन २४० ग्रॅम, म्हणजे चालताना खांदा कुरकुरणार नाही. आणि मोठं भिंग बघून “कुठल्या चॅनेलचे?” असं कुणी विचारणार नाही.

दिवे घाट हुकला म्हणून हळहळू नकोस. तिथे वरून काढलेले फोटो दरवर्षी पेपरात येतातच. उद्धव ठाकऱ्यांच्या ‘पाहावा विठ्ठल’ या फोटोंच्या पुस्तकात तर आकाशातून टिपलेली वारी आहे. त्या उंचीवरून लोंढा दिसतो, माणूस दिसत नाही. तुला माणूस हवा आहे, तर त्याच्या समोर बसावं लागेल.

चालत्या दिंडीत पोर्ट्रेट काढायच्या भानगडीत पडू नकोस. समोरचाही हलतो, तूही हलतेस. भिंगातलं स्थिरीकरण तुझ्या हाताचा कंप सावरतं, समोरच्याची मान सावरत नाही. विसाव्याची वाट बघ. जेवणं उरकून मंडळी झाडाखाली, ट्रकच्या सावलीत पाय पसरतात, कुणी कुणाचे तळवे चोळत असतं, तेव्हा निवांतपणा असतो. सगळ्यात चांगली जागा म्हणजे राहुटीचं तोंड. माणूस आत हातभरावर बसलेला, तोंड बाहेरच्या उजेडाकडे, पाठीमागे राहुटीतला अंधार. स्टुडिओत एवढ्यासाठी आम्ही दिवे आणि पडदे मांडत बसतो. फक्त आजूबाजूला रंगीत प्लास्टिकचे कागद ताणलेले नाहीत ना, ते बघ. निळ्या कागदाखाली बसलेल्या माणसाचा चेहरा निळसर येतो आणि तो रंग नंतर काढणं जिकिरीचं असतं.

आता यंत्राकडे. झूम पूर्ण आत असताना हे भिंग २८ मिलिमीटरसारखं बघतं. एवढ्या रुंद नजरेत चेहरा भरायचा, तर अगदी नाकाशी जावं लागतं, आणि मग नाक फुगतं, कान मागे पळतात. दोष भिंगाचा नाही, जवळ जाण्याचा आहे. म्हणून झूम टोकापर्यंत, १०० पर्यंत ने आणि दोन मीटरवर थांब. कॅमेरा उभा धरलास तर डोक्यापासून छातीपर्यंत माणूस नीट मावतो. डिजिटल झूम मेनूत जाऊन बंदच करून टाक.

याची किंमत मात्र मोजावी लागते. रुंद टोकाला एफ १.८ असलेलं छिद्र १०० वर एफ ४.९ होतं, म्हणजे उजेड सातपटीने घटतो. शिवाय सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा, फुल-फ्रेमच्या सातव्या हिश्शाएवढा. त्यामुळे लग्नाच्या अल्बमातल्यासारखी विरघळलेली पार्श्वभूमी आपोआप मिळणार नाही. ती जागेने मिळवायची. माणसाला ट्रकच्या फळीला टेकवू नकोस. त्याच्या मागे पंधरा-वीस पावलं मोकळं रान असू दे.

एस मोडवर १/१६०, आयएसओ ऑटो, वरची मर्यादा १६००. फोकसचा चौकोन कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर. आषाढातलं ढगाळ आभाळ चेहऱ्याला फार मानवतं. पण पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी एवढं पांढरं चौकटीत आलं की कॅमेरा फसतो, सगळंच काळवंडवतो आणि उन्हात रापलेला चेहरा पार बुडतो. एक्स्पोजर दोन तृतीयांश पायरी वाढव. टोपी थोडी जास्त उजळ झाली तर होऊ दे. ऊन पडलंच आणि टोपीची सावली डोळ्यांवर आली, तर फ्लॅश उघड, पण एक पायरी कमी करून. डोक्यावर तुळस घेतलेली बाई असेल, तर थोडं मागे सरून तुळशीला वर पुरेशी जागा दे. शेंडा कापलेली तुळस मला बघवत नाही.

जेजुरीत भंडाऱ्यापासून जप. झूमची नळी आतबाहेर होते, तिच्यावर बसलेली हळद भिंगासकट आत जाते. उधळण चालू असेल तेवढा वेळ कॅमेरा पिशवीत. ती थांबल्यावर पिवळे झालेले चेहरे कुठे जात नाहीत.

या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नाही. पुष्कळांना ती उणीव वाटते. मला तोच त्याचा गुण वाटतो, कारण तुझं तोंड झाकलं जात नाही. “माउली, एक फोटो काढू का?” असं विचारून कॅमेरा छातीशी धर आणि बोलत राहा. पहिल्या फोटोला माणूस हात जोडून ताठ बसेल. तो फोटो मनापासून काढ, तो त्याला हवा असतो. मग विचार, गावाकडे पेरण्या झाल्या का, पाऊस कसा आहे. उत्तर देताना जो चेहरा होतो, तो तुझा. पडदा दर वेळी दाखवत बसू नकोस, माणूस लगेच केस सावरायला लागतो. शेवटी एकदाच दाखव. जमिनीवर बसलेल्याचा फोटो उभ्याने काढू नये. या कॅमेऱ्याचा पडदा वळत नाही, तेव्हा उकिडवं बसायची तयारी ठेव.

नीरेवर पालखीतल्या पादुकांचं स्नान होतं, तिथे वारकरीही अंघोळी करतात. बायकांच्या घाटाकडे कॅमेरा वळवायचा नाही, मग उजेड कितीही सुंदर असो.

वही जवळ ठेव. नाव, गाव, तालुका, पिनकोड, आणि दिंडीचा क्रमांक पालखीच्या रथापुढचा की रथामागचा, तेही. दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. पत्त्यावर पाठवलेला प्रिंट गहाळ झाला, तरी पुढच्या वर्षी त्या क्रमांकाच्या दिंडीत माणूस सापडतो. प्रिंट पाच बाय सातचे काढू, खर्च माझा.

चार्जिंगची जुनी मायक्रो-यूएसबी वायर कॅमेऱ्याच्या पिशवीतच आहे. तुझ्या फोनची चालणार नाही. पॉवरबँकेला लावताना कॅमेरा बंद असला पाहिजे. आणि लोणंदला पोचलीस की आधी आईला फोन कर, मग मला.

तुझा
मामा