चाळीस हर्ट्झचा दिवा

गेल्या सत्रात अकरावीचे दोन छात्र प्रयोगशाळेत एक दिवा घेऊन आले. एलईडीची पट्टी, छोटा मायक्रोकंट्रोलर, वर दुधी झाकण. दिवा सेकंदाला 40 वेळा लुकलुकतो असे त्यांचे म्हणणे. एकाचे आजोबा बेळगावला असतात; मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. हल्ली ते नातवंडांची नावे विसरतात. "सर, आजोबांना रोज तासभर यासमोर बसवायचं. अमेरिकेत उंदरांना याचा गुण आलाय." मी दिवा ठेवून घेतला. मुलगा हिरमुसला. तेव्हा घंटा झाल्यामुळे जे सांगायचे राहिले ते आज सांगतो, कारण अशा दिव्यांबद्दल दोन-तीन पालकांनीही मला विचारले आहे.

मुलाची माहिती चूक नव्हती. मेंदूतल्या पेशींचे समूह ठेक्यात काम करतात. साधारण 30 ते 80 हर्ट्झच्या ठेक्याला गॅमा लहरी म्हणतात (गॅमा किरणांशी नाव सोडून काही संबंध नाही, परीक्षेत गल्लत करू नका). अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड नावाचे प्रथिन साठते. 2016 मध्ये एमआयटीतील ली-हुए त्साई यांच्या गटाने अशा उंदरांना 40 हर्ट्झचा प्रकाश तासभर दाखवला, आणि मेंदूच्या दृष्टीच्या भागातले अमायलॉइड निम्म्याच्या आसपास घटल्याचे जाहीर केले. कवटी उघडायची नाही, औषध नाही, नुसता प्रकाश! पण 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या ग्यॉर्गी बुझाकी यांच्या प्रयोगशाळेने तोच प्रयोग तपासला, तेव्हा मेंदूचा स्वतःचा गॅमा ठेका प्रकाशाच्या तालावर आला नाही आणि अमायलॉइडमध्येही खात्रीची घट दिसली नाही. शास्त्रज्ञांतला हा वाद अजून मिटलेला नाही.

माणसांचे काय, याचा एक धागा आपल्याच शहरात, भारतीय विज्ञान संस्थेत आहे. सुप्रतिम रे यांच्या गटाने बंगळूरमधल्या पन्नाशीच्या पुढच्या 244 लोकांना पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवून त्यांचे ईईजी घेतले. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आला: ज्या 17 जणांची स्मृती वा आकलन ढासळू लागले होते (त्यांपैकी 5 अल्झायमरचे), त्यांच्यात पट्ट्या पाहताना उठणारा गॅमा क्षीण होता. मात्र ठराविक वेगाने बदलणाऱ्या चित्रामुळे मेंदूत जो ठेका बाहेरून उमटतो, त्यात फरक आढळला नाही. मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ड्रमच्या ठोक्यावर पाय टाकणे वेगळे, आणि ड्रम नसताना प्लाटूनने कदम राखणे वेगळे. लुकलुकणारा दिवा म्हणजे ड्रम. तो वाजवल्याने प्लाटूनची मोडलेली शिस्त परत येते का, हाच खरा प्रश्न आहे. शिवाय 17 ही संख्या लहान आहे, आणि रे यांचा प्रयोग निदानाचा होता, उपचाराचा नव्हे.

आता त्या दिव्याकडे वळू. संध्याकाळी मी प्रोग्रॅम उघडला. 40 हर्ट्झ म्हणजे एका आवर्तनाला 25 मिलीसेकंद, हे गणित मुलांनी बरोबर केले होते. पण त्यांनी दिवा 25 मिलीसेकंद चालू आणि 25 मिलीसेकंद बंद ठेवला होता. आवर्तन झाले 50 चे, दिवा झाला 20 हर्ट्झचा! प्रकाशाने ज्यांना फिट येते, त्यांना सर्वांत घातक पट्टा साधारण 15 ते 25 हर्ट्झचा. डिसेंबर 1997 मध्ये जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला सुमारे 12 वेळा चमकला आणि शेकडो मुलांना इस्पितळात न्यावे लागले. आपल्याला तसा त्रास आहे हे त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी ठाऊकही नव्हते. वसतिगृहात मोबाइलचा लुकलुकता टॉर्च लावून गंमत करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्याच रात्री मी छात्राच्या वडिलांना फोन केला. म्हटले, आधी आजोबांचे रक्त तपासा. बी-12 कमी असले किंवा थायरॉईड बिघडला तरी विसरभोळेपणा येतो, आणि तो बरा होऊ शकतो. ऐकू कमी येते का, तेही पाहा. मग गरज पडली तर इथे होसूर रस्त्यावर निम्हान्स आहेच. ते म्हणाले, "सर, आम्ही वयाचंच समजत होतो."

पोराने नंतर प्रोग्रॅम सुधारला. त्या आज्ञेत मिलीसेकंदाचा पूर्णांकच चालतो, म्हणून 12.5 ऐवजी 12,500 मायक्रोसेकंद लिहावे लागले. आता दिवा बंद खोक्यात, फोटोडायोडसमोर असतो, आणि ऑसिलोस्कोपवर 40 हर्ट्झ नीट दिसतात. आजोबांच्या रक्ताचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येणार आहे.