डिजिटल स्वाक्षरी : दिसणे आणि पडताळणे

जुलै २०२१ च्या महापुरात सावित्रीचे पाणी महाडमध्ये घरोघरी शिरले. कपाटांतील दाखले, गुणपत्रिका, जमिनीचे उतारे चिखलात गेले. कागदाची एक प्रत ईमेलमध्येही असावी, ही शिकवण त्या पुराने सव-महाड परिसराला दिली. परंतु ईमेलने आलेला कागद अस्सल आहे, हे ओळखावे कसे? त्याचा थोडक्यात विचार आम्ही येथे करीत आहोत.

सहीचे चित्र म्हणजे डिजिटल स्वाक्षरी नव्हे. चित्र कोणालाही उचलून चिकटवता येते. खरी स्वाक्षरी हे गणित असते. पाठवणाऱ्याचा संगणक संपूर्ण मजकुरावरून ठरावीक लांबीचा एक आकडा काढतो आणि त्यावर त्याच्या गुप्त किल्लीची मोहोर उठवतो. आपला ईमेल प्रोग्रॅम तो आकडा नव्याने काढतो आणि पाठवणाऱ्याच्या जाहीर किल्लीच्या साहाय्याने ताडून पाहतो. मजकुरातील एक काना जरी बदलला, तरी मेळ बसत नाही.

यानंतर किल्ली कोणाची, हे पाहिले जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० अन्वये परवाना मिळालेल्या संस्था व्यक्तीची ओळख तपासून प्रमाणपत्र देतात. त्याची मुदत संपली आहे काय, ते रद्द झाले आहे काय, त्यातील ईमेल पत्ता पाठवणाऱ्याच्या पत्त्याशी जुळतो काय, हेही प्रोग्रॅम तपासतो.

निकाल चिन्हाने कळतो. आउटलुकमध्ये लाल फीत दिसते, तर थंडरबर्डमध्ये ‘एस-माईम’ असे बटण. त्यावर टिचकी मारून नाव वाचावे. ही सोय नसलेल्या प्रोग्रॅममध्ये मात्र ‘एसमाईम.पी७एस’ नावाची जोडफाईल दिसते. ती स्वाक्षरीच असते. विषाणू समजून पुसू नये.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याची पीडीएफ उघडल्यावर पुष्कळदा प्रश्नचिन्ह दिसते आणि पालक घाबरतात. प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘बनावट’ असा नव्हे. स्वाक्षरीमागील प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा की नाही, हे आपल्या संगणकाला अद्याप सांगितलेले नाही, एवढेच. स्वाक्षरीनंतर मजकूर बदलल्याचा इशारा आला, तर मात्र तो कागद स्वीकारू नये. छापील प्रतीत ही स्वाक्षरी उतरत नाही; म्हणून मूळ फाईल जपावी आणि पुढे पाठवताना तीच पाठवावी.

शेवटी एक मर्यादा सांगणे आम्हास अगत्याचे वाटते. मजकूर कोणाच्या किल्लीने बांधला गेला, एवढेच स्वाक्षरी सांगते. तो सत्य आहे, असे ती सांगत नाही. ग्रामपंचायतीचे पैसे सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांच्या डिजिटल स्वाक्षरीने अदा होतात. ते डोंगल पिनसह दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणेच होय. किल्ली सांभाळण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ४२ ने धारकावर टाकली आहे. आपले माजी विद्यार्थी आज गावोगावी अशा पदांवर बसत आहेत. त्यांनी आपली किल्ली स्वतःच्याच हाती ठेवावी आणि पालकांनी चिन्ह पाहून न थांबता त्यामागील नाव वाचावे, एवढीच आमची विनंती.