तटबंदीतील चर्च

युरोप खंडातील रोमानिया देशात ट्रान्सिल्व्हेनिया नावाचा प्रदेश आहे. कार्पेथियन पर्वताच्या रांगांनी तो वेढलेला आहे. तेथील कित्येक खेड्यांत चर्चभोवती किल्ल्यासारखे तट आणि बुरूज दिसतात. जेथे शांत चित्ताने प्रार्थना करावयाची, तेथे लढाईची ही सिद्धता कशासाठी, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही. त्याचे उत्तर त्या प्रदेशाच्या इतिहासात सापडते.

बाराव्या शतकाच्या मध्यास हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने या सरहद्दीच्या मुलखात जर्मन भाषा बोलणारे शेतकरी व कारागीर आणून वसविले. पुढे त्यांना सॅक्सन हे नाव पडले. त्यांना जमिनी मिळाल्या, सवलती मिळाल्या. परंतु त्यांबरोबर सीमेच्या रक्षणाचा भारही त्यांच्या शिरावर आला. १२४१ मध्ये मोंगलांनी हा मुलूख उद्ध्वस्त केला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक खेड्यात सैन्य ठेवणे राजास शक्य नव्हते. तेव्हा गावातील सर्वांत भक्कम इमारत जे चर्च, त्यालाच गावकऱ्यांनी आपली गढी बनविले.

ब्राशोव्ह शहराजवळील प्रेझमेर हे अशा गावांपैकी एक होय. येथील चर्च तेराव्या शतकातील असून त्याचा मूळ आराखडा चारी भुजा सारख्या असलेल्या क्रुसाप्रमाणे होता. पंधराव्या शतकात त्याच्याभोवती वर्तुळाकार तट उभा राहिला. त्याची उंची सुमारे १२ मीटर असून जाडी ३ मीटरांहून अधिक आहे. आत जाण्यास एक लांब, कमानदार बोळ आहे. तटाच्या वरच्या भागात पहारेकऱ्यांसाठी आच्छादित वाट असून तिला शत्रूवर मारा करण्यासाठी जंग्या ठेविल्या आहेत.

परंतु या तटाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या आतल्या अंगास आहे. तेथे मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या २७० हून अधिक खोल्या मजल्यावर मजले रचून बांधल्या आहेत. लाकडी जिन्यांनी आणि सज्जांनी त्या एकमेकींस जोडल्या आहेत. गावातील कुटुंबांना त्या वाटून दिलेल्या असत. शांततेच्या काळात त्यांत धान्य साठवीत. संकट येताच तेथेच संसार मांडीत. वेढ्यातही मुलांचे शिक्षण थांबू नये म्हणून तटाच्या आत शाळेची व्यवस्था होती. आपल्या मुलांचा उद्याचा दिवस गावकऱ्यांनी शत्रू दाराशी असतानाही विसरला नाही. अनेक हल्ले होऊनही ही गढी एकदाच, १६११ मध्ये, शत्रूच्या हाती पडली असे सांगतात.

काळ बदलला. १९९० नंतर बहुसंख्य सॅक्सन कुटुंबे जर्मनीस निघून गेली. ज्यांच्या पूर्वजांनी हे तट रचले, त्यांची घरे ओस पडली. तथापि ही वास्तू आता साऱ्या जगाची ठेव मानली जाते. १९९३ मध्ये युनेस्कोने बिएर्टान या गावाचा जागतिक वारशात समावेश केला आणि १९९९ मध्ये प्रेझमेरसह आणखी सहा गावे त्यात घेतली. वास्तू बांधण्यास जशी एकी लागते, तशी ती राखण्यासही लागते.

अभ्यास
१. गावकऱ्यांनी चर्चलाच गढी का बनविले?
२. तटातील खोल्यांचा उपयोग शांततेत व संकटात कसा होत असे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या वास्तूची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.