ट्रॅक्टरने बुडखे उपटताना घ्यावयाची काळजी

बांधावरील बाभूळ तोडली तरी तिचा बुडखा जमिनीत राहतो आणि पुढे नांगराचा फाळ त्यात अडकतो. असे बुडखे साखळी बांधून ट्रॅक्टरने ओढून काढण्याचा प्रघात आता पडला आहे. काम वरवर सोपे दिसते. परंतु ट्रॅक्टर मागे उलटून चालक त्याखाली चिरडला जाण्याचा धोका याच कामात फार मोठा असतो.

असे का होते, हे समजून घेणे अवश्य आहे. बुडखा हालत नाही, त्यामुळे मागची चाके पुढे जाऊ शकत नाहीत. अशा वेळी इंजिनाची शक्ती चाके फिरविण्याऐवजी ट्रॅक्टरचा पुढचा भागच वर उचलू लागते. साखळी मागच्या आसापेक्षा उंच बांधली असेल तर तिचा ताणही ट्रॅक्टरला मागेच खेचतो. उलटण्यास एक-दीड सेकंदच पुरतो. ‘पुढची चाके उचलली की क्लच दाबीन’ असे म्हणणारा चालक कितीही सराईत असो, तेवढ्या अवधीत त्याचा पाय क्लचवर पोहोचेलच, याची खात्री नाही.

म्हणून साखळी मागील खालच्या ओढदांड्यालाच, म्हणजे ड्रॉबारलाच अडकवावी. आसाला, आसनाखाली किंवा टॉप लिंकच्या जागी ती कदापि बांधू नये. साखळी खाली असली म्हणजे पुढचा भाग उचलताच ओढदांडा आणखी खाली जातो व उलटविणारा जोर कमी होतो. पुढे वजने लावावीत. मात्र वजने लावली म्हणून साखळी उंच बांधण्यास हरकत नाही, असे समजू नये.

खरे काम ट्रॅक्टरचे नसून कुदळीचे आहे. बुडख्याभोवती चर खणून आडवी मुळे उघडी करावीत व कुऱ्हाडीने तोडावीत. सोटमूळही पोहोचेल तेथवर तोडावे. काळ्या जमिनीत हे काम वाफसा असताना करावे; उन्हाळ्यात ती दगडासारखी होते, तर चिखलात चाके जागीच फिरतात. झाड तोडतानाच कमरेइतके खोड राखले तर पुढे ओढण्यास चांगली तरफ मिळते. साखळी निसटू नये म्हणून खोडास खाच पाडावी.

पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडून आधी साखळीचा ढिलेपणा काढावा, मगच जोर द्यावा. झटका मारू नये. बुडखा हालला नाही तर ट्रॅक्टर थांबवून पुन्हा मुळे तोडावीत. नायलॉनचा दोर वापरू नये. तो ताणला जाऊन तुटला की चाबकासारखा उलट येतो. साखळीही तुटू शकते, म्हणून तिच्या लांबीच्या दीडपट अंतरात कोणी उभे राहू नये. तमाशा पाहावयास जमलेली मुले व मडगार्डवर बसलेले सोबती यांना आधी दूर करावे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येथे भीड धरू नये.

ट्रॅक्टरला उलटण्यापासून बचाव करणारी चौकट असेल तर आसनपट्टा अवश्य बांधावा. चौकट नसल्यास बांधू नये.

बुडखा निघाल्यावर खड्ड्यात थराथराने माती भरून ती धुमसाने ठोकावी, नाहीतर पहिल्याच पावसात तेथे बांध खचतो.