नखांवरची नक्षी : हौस करा, पण जपून

लग्नसराई जवळ आली की मेंदीबरोबर नखे रंगविण्याची हौसही उसळते. ठिपके, पट्ट्या, फुले, चमकते खडे असे प्रकार मुली आता घरीच करतात. या हौसेला माझी ना नाही. मात्र नख म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे.

नख केराटिन नावाच्या प्रथिनाचे असते. दिसणारा भाग निर्जीव असतो, म्हणून तो कापताना दुखत नाही. परंतु मुळाशी, कातडीखाली, जिवंत पेशी नवे नख घडवीत असतात. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. ते संपूर्ण नवे येण्यास साधारण ६ महिने लागतात. नखाच्या बुडाशी असलेली पातळ कातडीची कड पाणी व जंतू आत जाऊ देत नाही. सुबकपणासाठी ती कापली किंवा टोकरली की नखुरडे होते. बोट सुजते, ठणकते, पू धरतो.

निर्धोक रीत अशी : हात धुऊन नखे पूर्ण कोरडी करावीत. कानस एकाच दिशेने हळू फिरवावी. प्रथम रंगहीन पॉलिशचा हात द्यावा, म्हणजे गडद रंगाने नखे पिवळी पडत नाहीत. नंतर रंगाचे दोन पातळ थर द्यावेत; पहिला वाळल्यावरच दुसरा. रंग कातडीला लागू देऊ नये. ठिपक्यांसाठी दात कोरण्याच्या काडीचे टोक व सरळ पट्ट्यांसाठी चिकटपट्टी पुरते. शेवटी पुन्हा रंगहीन थर द्यावा.

रंग काढण्याच्या द्रवात बहुधा अ‍ॅसिटोन असते. ते चटकन पेट घेते, म्हणून शेगडी किंवा देवघरातील समईजवळ वापरू नये. त्याने नखे कोरडी होऊन भुरभुरतात. नंतर हात धुऊन खोबरेल तेल चोळावे. कृत्रिम नखांचा गोंद कापसावर किंवा सुती कपड्यावर सांडला तर तो एकदम तापून चटका बसतो. त्याची बाटली डोळ्यांच्या औषधाशेजारी ठेवू नये. दिव्याखाली वाळवायच्या जेलमधील अ‍ॅक्रिलेट रसायनांची अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. पुढे दात भरण्याच्या काही मसाल्यांचाही त्रास होऊ शकतो.

ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे नेलपॉलिशच्या अ‍ॅलर्जीची खाज बोटापेक्षा पापण्यांवर किंवा मानेवर उठते, कारण हात तेथे वारंवार लागतो. अशा वेळी केवळ डोळ्यांत औषध घालून भागत नाही.

नख हा आम्हा डॉक्टरांचा आरसाही आहे. रक्तक्षयात ते फिके दिसते, प्राणवायू कमी पडला तर निळसर. शस्त्रक्रियेपूर्वी रंग काढायला सांगतात तो याचसाठी. म्हणून दोन नक्षींमध्ये आठवडाभर नखे उघडी ठेवून नीट पाहावीत. नख जाड, पिवळे किंवा हिरवट झाले, बुडापासून सुटू लागले, अथवा एकाच नखावर नवी काळी रेघ उमटून रुंदावू लागली, तर त्यावर रंग चढवून ती झाकू नये, डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहींनी तर बोटाची साधी सूजही अंगावर काढू नये.

नक्षी आठवड्याची, नख जन्माचे. हौस पुरवावी, पण नखाच्या मुळाला धक्का न लावता.